पेट क्लिनिकमधले डॉक्टर फक्त कुत्र्या-मांजरांचंच शिकलेले असतात का?
नाही हो, डिग्रीला गाय, घोडा, कोंबडी सगळंच शिकावं लागतं, बऱ्याच देशांत शाळेनंतर थेट पाच-सहा वर्षं, अमेरिकेत आधी कॉलेज आणि मग वर चार वर्षं. मुळात १७६१ला फ्रान्समधे लिऑंला पहिलं व्हेटर्नरी कॉलेज निघालं तेच घोड्यांसाठी आणि गुरांसाठी, पेट्सची प्रॅक्टिस खूप नंतर वाढली. त्यामुळे एकाच क्लिनिकमधे कोणी आधी गाईगुरांचं काम केलेलं असतं, कोणी सर्जरी किंवा स्किनमधे स्पेशलायझेशन केलेलं. ससा-बिसा असेल तर मात्र एक्झॉटिकचा, म्हणजे कुत्रा-मांजर सोडून इतर वेगळ्या पाळीव प्राण्यांचा, अनुभव आहे का ते सरळ विचारा, सर्टिफिकेटं नंतर बघा, कारण पेनिसिलिन तोंडावाटे कुत्र्याला चालतं पण सशाच्या जिवावर बेतू शकतं.