सणाच्या ड्युटीचा डबल पगार आणि आमचे दाजी

तुम्ही विचारलंय, 'रेल्वेत सिग्नल देणाऱ्याची भरती कशी होते? बसून काम असतं आणि सणासुदीला ड्युटी केली की डबल पगार मिळतो असं ऐकलंय, खरं का?'

मी इथे लिहीत नाही, नुसता वाचतो. पण 'बसून काम' आणि 'डबल पगार' एकाच वाक्यात वाचलं आणि आमचे दाजी डोळ्यांसमोर उभे राहिले. हुबेहूब त्यांचं वाक्य. म्हणून लिहायला बसलो.

आधी भरतीचं उरकतो. 'सिग्नल देणारा' अशी पोस्ट निघत नाही. सिग्नल देतो स्टेशन मास्तर. जुन्या केबिनी जिथे उरल्यात तिथे लिव्हर केबिनमन ओढतो, पण मास्तरच्या सांगण्यावरून. रुळावर जाऊन सांधा (गाडी एका लायनीवरून दुसरीवर वळते ती जागा) बघतो, झेंडी-बत्ती दाखवतो तो पॉइंट्समन. आणि सिग्नल बिघडला की दुरुस्त करतो तो मेंटेनर. त्याचं खातंच वेगळं, सिग्नल आणि टेलिकॉम. बाहेरच्यांना हे सगळे एकच वाटतात. तुम्हाला नक्की कोण व्हायचंय ते आधी ठरवा.

मास्तरसाठी कुठलीही पदवी चालते. आरआरबीची (रेल्वे भरती बोर्डाची) एनटीपीसी, म्हणजे नॉन-टेक्निकल पदांची परीक्षा, पेपर मराठीत देता येतो. पहिल्या पेपरला 100 प्रश्न, दुसऱ्याला 120, वेळ दोन्हीला दीड तास, आणि तीन चुका म्हणजे एक मार्क गेला. त्यानंतर मास्तरसाठी कॉम्प्युटरवरची ॲप्टिट्यूड टेस्ट, तिच्या प्रत्येक भागात टी-स्कोअर (बाकीच्यांच्या तुलनेत काढलेले मार्क) किमान 42 लागतो. एका भागात 41 आला तर बाकी सगळं पाण्यात. 2024 च्या जाहिरातीत पदवीधरांच्या 8,113 जागा होत्या, त्यात मास्तरच्या 994. सुरुवातीचं बेसिक 35,400, पगाराची लेव्हल 6. मेंटेनरच्या लायनीत जायचं असेल तर टेक्निशियन ग्रेड-1 सिग्नल, बेसिक 29,200, त्याला डिप्लोमा किंवा फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सवाली बीएस्सी. पॉइंट्समन ग्रुप डी मधून, 18,000. तिथे पुरुषांना 35 किलो वजन उचलून 100 मीटर जायचं असतं आणि 1,000 मीटर सव्वाचार मिनिटांत पळायचं असतं. मी त्याच दारातून आत आलो. पॉइंट्समन म्हणून लागलो, केबिनीत लिव्हर ओढले, मग खात्यातली परीक्षा देऊन मास्तर झालो. त्यामुळे 'बटन दाबायचं काम' असं मला कोणी ऐकवलं की जरा जास्तच लागतं.

आता दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बँकेत आहेत. माणूस चांगला, माझ्या लग्नात सगळं त्यांनीच पाहिलं. पण दर भाऊबिजेला, ताट पुढे आलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "तुझं बरंय बाबा, एसीत बसायचं, बटन दाबायचं, झोपायचं. दिवाळीला डबल पगार, वर अडीच महिन्यांचा बोनस." मी बारा-तेरा वर्षं हसून सोडून दिलं. 2019 ला मात्र सोडलं नाही.

त्या साली लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होतं, पाडवा 28 ला. दोन्ही दिवस माझी 16 ते 24, म्हणजे दुपारी चार ते रात्री बारा. स्टेशन छोटं, सिंगल लाइन, गाव दीड किलोमीटरवर. पाडव्याला संध्याकाळी पॉइंट्समनच्या बायकोने ऑफिसच्या खिडकीत दोन पणत्या आणून ठेवल्या होत्या. वाऱ्याने एक सारखी विझत होती. मालगाडी लूपवर, म्हणजे मेन लायनीच्या बाजूच्या लायनीवर, घेऊन उभी केली होती आणि समोरून एक्स्प्रेस मेन लायनीवरून सोडायची होती. रोजचं क्रॉसिंग. रूट लावायला पॅनेलवर बटन दाबलं, सांधा फिरला, पण इंडिकेशन, म्हणजे तो नीट बसल्याची खूण, आलं नाही. लाल दिवा उघडझाप करायला लागला आणि बझर सुरू झाला.

परत फिरवून पाहिलं. नाही. एक्स्प्रेस होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनात शिरायच्या सिग्नलला, येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरने शिट्टी मारली.

आता इथे काय असतं ते नीट समजून घ्या, कारण माझी नोकरी म्हणजे हेच आहे. सांधा बहुतेक नीटच बसलेला असतो. दहातल्या नऊ वेळा मध्ये खडीचा एक तुकडा अडकलेला असतो, नाहीतर ॲडजस्टमेंट केसभर हललेली असते. पण 'बहुतेक' वर गाडी घेता येत नाही. सांध्याची जीभ (हलणारी पट्टी) रुळाला पूर्ण चिकटलेली नसेल तर गाडीची पुढची चाकं एका लायनीवर आणि मागची दुसरीवर. सांधा उलटाच बसलेला असेल तर एक्स्प्रेस सरळ लूपवर, आणि लूपवर माझी मालगाडी उभी. त्या वेळी हे मी कोणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, किती घाबरतोस. 2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात नेमकं हेच झालं. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लायनीचा हिरवा होता आणि गाडी गेली लूपवर, उभ्या मालगाडीवर. जवळजवळ तीनशे माणसं गेली. 'लूप लाइन' हा शब्द आपल्याकडे घरोघर त्या आठवड्यात पोचला.

तर क्रँक हँडल (सांधा हाताने फिरवायचा दांडा) काढून पॉइंट्समनला पाठवलं. हँडल बाहेर निघालं की त्या सांध्यावरचे सिग्नल घेताच येत नाहीत, तशी सोयच केलेली असते. तो अंधारात खडीवरून बॅटरी घेऊन पाचेकशे मीटर पळत गेला. बाजूच्या शेतात पोरं सुतळी बॉम्ब लावत होती. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आणि बॉम्ब एकदमच यायचे, मला निम्मं ऐकूच येईना. खडी सापडली, काढली, तरी इंडिकेशन येईना. मग सांधा हाताने फिरवून, क्लॅम्प मारून, पॅडलॉक लावून तो किल्ली घेऊन परत माझ्याकडे. किल्ली माझ्या टेबलावर आल्याशिवाय मी कागद फाडत नाही. टी-369 (3बी) लिहिला, म्हणजे लाल सिग्नल ओलांडायची लेखी परवानगी. तो घेऊन हा परत होम सिग्नलपर्यंत चालत. एकूण किती फेऱ्या झाल्या मोजा. तोवर कंट्रोल, म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणारं ऑफिस, दर दोन मिनिटांनी: "मास्तर, किती वेळ? मास्तर, काय झालं?" इकडे फेल्युअर रजिस्टर लिहायचं, शेजारच्या स्टेशनला सांगायचं, मेंटेनरला बोलवायचं. मेंटेनर घरी ओवाळून घेत होता, कपाळाला कुंकू तसाच मोटरसायकलवर आला. आल्यावरसुद्धा त्याने डिस्कनेक्शन मेमोवर (दुरुस्तीसाठी सांधा बंद ठेवल्याच्या कागदावर) माझी सही घेतल्याशिवाय मशीनच्या झाकणाला हात लावला नाही. पद्धत आहे ती, आणि बरोबर आहे.

गाडी 15 च्या स्पीडने सांध्यावरून आली. मी हिरवी बत्ती घेऊन दारात उभा. 38 मिनिटं डिटेन्शन, म्हणजे गाडी तेवढी अडकली.

बारा वाजता चार्ज दिला, साडेबाराला घरी. बायको निरांजन घेऊन जागी होती, पाडव्याचं औक्षण तेव्हा झालं. तारीख बदलली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ताई आणि दाजी आदल्या रात्री उशिरा माझ्या आईकडे पोचले होते. दाजी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "काल कुठल्या तरी गाढवाने आमची गाडी पाऊण तास सिग्नलला उभी केली. झोपला असणार. डबल पगार घेऊन झोपतात लेकाचे." मी म्हटलं, "दाजी, तो गाढव मीच." सगळे गप्प. मग दाजी काय म्हणाले असतील? "मग सिग्नल दुरुस्त ठेवत जा ना."

त्यांचा आणि माझा हा वाद अजून चालू आहे, म्हणून तुमच्या निमित्ताने हिशोब मांडतो.

सणाच्या ड्युटीला डबल पगार नसतो. नॅशनल हॉलिडे अलाउन्स असतो, आणि तो लेव्हलप्रमाणे ठरलेली रक्कम असतो, पगाराच्या पटीत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर लेव्हल 1 आणि 2 ला 384, 3 ते 5 ला 477 आणि 6 ते 8 ला 630 रुपये ठरले होते. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हे दर 25 टक्क्यांनी वाढतात. तेसुद्धा यादीतल्याच दिवसांना. आमच्या त्या वर्षीच्या यादीत दिवाळीचा एकच दिवस होता, लक्ष्मीपूजनाचा. म्हणजे लक्ष्मीपूजनाचे 630. आणि ज्या पाडव्याला हे सगळं झालं, त्याचे शून्य. ते 630 सुद्धा आमच्या बिल सेक्शनने मस्टर नीट न पाहता सोडून दिले होते. तीन अर्ज केले तेव्हा फेब्रुवारीच्या पगारात आले. रविवारचं तर विचारूच नका. रविवार आमच्यासाठी फक्त कॅलेंडरवर लाल असतो.

'डबल' हा शब्द नियमात आहे, नाही असं नाही. पण तो ओव्हरटाइमचा. रोस्टरच्या (ठरलेल्या ड्युटीच्या) वर थोडे तास झाले तर दीडपट, कायद्याच्या मर्यादेवर गेले तर दुप्पट. दाजींनी कुठेतरी तेवढंच ऐकलं असावं.

बोनस: 78 दिवसांचा, हे खरं. पण तो महिन्याला 7,000 रुपये पगार धरून काढतात. हातात 17,951. अडीच महिन्यांचा पगार म्हणणाऱ्याने गुणाकार करून पाहावा, बँकेत कॅल्क्युलेटर असतात.

रात्रपाळीचा भत्ता 22 ते 6 या वेळेचा, तासाला 10 मिनिटांची भर. मास्तरची रात्रपाळी बहुतेक ठिकाणी 0 ते 8, म्हणजे त्यातले सहाच तास धरतात. सहा दाहे साठ, एका तासाचे पैसे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 200 ने भागायचं. नव्या मास्तरला रात्रीचे अडीचशे-पावणेतीनशे पडतात. आणि 2020 ला आदेश निघाला की बेसिक 43,600 च्या वर गेलं की हा भत्ता बंद. लेव्हल 6 ला 35,400 वर लागलात तर सातव्या इन्क्रिमेंटला बरोबर 43,600 होतं, आठव्याला 44,900. झालं. नोकरीला आठ वर्षं झाली की तुमची रात्र ही रात्र राहत नाही. झोप मात्र तेवढीच येते. माझा तो भत्ता कधीच गेला.

तर पैशासाठी सणाची ड्युटी करणारा मास्तर मी तरी पाहिला नाही. रिलीव्हर (बदली माणूस) नसतो म्हणून करतात.

एवढं वाचून 'मग नको' असं ठरवू नका. मी अर्ध्या रागाने लिहिलंय. पगार वेळेवर होतो, पास मिळतात, दवाखाना आहे, आणि आठ तास झाले, चार्ज दिला की डोक्यावर काही राहत नाही. फाइल घरी न्यावी लागत नाही, जी दाजी नेतात. हे मला त्यांच्यासमोर कधी बोलायला जमलं नाही, पण मार्चएंडला त्यांचे हाल मीही पाहिलेत. आणि सगळी स्टेशनं माझ्यासारखी नसतात. फार वर्दळीच्या ठिकाणी सहा तासांचं रोस्टर असतं, तर जिथे दिवसाला मोजक्या गाड्या तिथे बारा तासांचं. बारा तासांत दोन गाड्यांच्या मध्ये खरंच बसून राहायला लागतं, तेवढं दाजींचं खरं धरा. मोबाइल मात्र पॅनेलवर चालत नाही, त्यामुळे तिकडे कंटाळ्याची तयारी ठेवा.

शेवटचं, आणि हे खरं तर वर लिहायला हवं होतं. मास्तरला मेडिकल ए-2 लागतं. चष्म्याशिवाय दोन्ही डोळे 6/9, आणि रंग ओळखता आले पाहिजेत. लेसर करून नंबर घालवलेला असेल तर तेही चालत नाही. माझ्या ओळखीतला एक मुलगा दोन पेपर आणि ॲप्टिट्यूड पार करून मेडिकलला गेला, तिथे कळलं की त्याला हिरवा-लाल नीट वेगळा दिसत नाही. पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. क्लासची फी भरायच्या आधी तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि रंगीत ठिपक्यांमधले आकडे वाचायचं ते पुस्तक दाखवायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.