मोशीच्या किसान प्रदर्शनाला जाताना

पहिल्यांदाच निघालायस ना, मग डिसेंबरात पुण्याजवळच्या मोशीला सकाळी दालनं उघडतानाच पोहोच. दुपारच्या गर्दीत स्टॉलवाल्यांना नीट बोलायला सवड नसते. नुसती पत्रकं गोळा करत फिरू नकोस. ठिबकच्या स्टॉलवर थांब, १६ मिमीची नळी हातात घे. ड्रिपर, म्हणजे नळीवरचं थेंब सोडणारं तोंड, ताशी किती लिटर पाणी सोडतो, आणि चढउताराच्या रानात शेवटच्या झाडालाही तेवढंच पाणी मिळतं का, हे विचार. अनुदान धरून सांगितलेली किंमत वेगळी, पूर्ण किंमत वेगळी. दोन्ही वहीत लिही. शेजारी उभा शेतकरी काय विचारतोय ते कान देऊन ऐक. सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हे त्यालाच आधी सुचतं. उभ्या पिकातली प्रात्यक्षिकं बघायची असतील तर जानेवारीत बारामतीचं ‘कृषिक’ हे शेती प्रदर्शन गाठ.