मंगलाष्टकं इंदूरला, पण सही कुठे करायची?

प्रश्न : मी मूळची इंदूरची. आई-बाबा तिलक नगरला राहतात. मी काही वर्षांपासून म्युनिकला नोकरी करते, ब्लू कार्डावर (तिथला नोकरदारांचा निवास परवाना) आहे. माझा मित्र इटालियन, जन्मानं कॅथलिक. तोही नोकरीसाठीच जर्मनीत आला, म्हणजे त्या गावात आम्ही दोघंही परकेच. जर्मन शिकायच्या वर्गात ओळख झाली. आता एकत्र राहतो, भाडेकरारावर दोघांची नावं आहेत. गेल्या हिवाळ्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन तातडीनं करावं लागलं. तो रात्रभर बाहेर बाकावर बसून होता, पण ‘तुम्ही नातेवाईक नाही’ म्हणून त्याला कुणी काही सांगेना. त्यानंतर आम्ही लग्नाचं मनावर घेतलं.

डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा आहे. आईला लग्न इंदूरलाच आणि आपल्या पद्धतीनं हवं आहे. गुरुजी म्हणतात, मुलाची शुद्धी करून नवं नाव ठेवू, विधी झाला की सर्टिफिकेट हातात आणि मग नगर निगमात नोंद. मामा म्हणतात, तुकोजीराव महाराजांनी अमेरिकन मुलीशी असंच लग्न केलं होतं. काकांचं म्हणणं, परधर्मात लग्न केलं की बाबांच्या घरातला हिस्सा जाईल आणि भारताचं नागरिकत्वही. मित्राची कशालाच ना नाही. तो म्हणतो, सही कुठे करायची तेवढं सांग.

उत्तर : आधी दवाखान्याचं बघू. लग्नाची तारीख केव्हाही ठरो, हे काम तुम्हाला याच आठवड्यात उरकता येईल. १ जानेवारी २०२३ पासून जर्मनीत नवरा-बायकोला एक हक्क मिळाला आहे. जोडीदार बेशुद्ध असेल किंवा आजारपणामुळे स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नसेल, तर दुसऱ्यानं त्याच्या उपचारांबद्दल निर्णय घ्यायचे. जास्तीत जास्त सहा महिने. एकत्र राहणाऱ्या पण लग्न न झालेल्या जोडप्याला हा हक्क नाही, भाडेकरारावर नावं असोत की नसोत. त्यांच्यासाठी तिथे ‘फोरझोर्गेफोलमाख्ट’ नावाचं लेखी मुखत्यारपत्र असतं. त्यात उपचारांचे निर्णय आणि डॉक्टरांनी माहिती देण्याची मुभा, दोन्ही स्पष्ट लिहून एकमेकांच्या नावे सह्या करा. मूळ प्रत घरात सापडेल अशी ठेवा आणि फोटो दोघांच्या मोबाइलवर. लग्न झाल्यावरही तो कागद फाडू नका, कारण सहा महिन्यांची मर्यादा त्याला लागू नाही.

आता गुरुजी. त्यांच्या हातून विधी जरूर करून घ्या, पण शुद्धीचा बेत सोडा.

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा दोन हिंदूंमधल्या लग्नापुरता आहे. एक जण ख्रिस्ती असताना सप्तपदी झाली, मंगळसूत्र घातलं, शंभर माणसं जेवली, तरी त्या कायद्याखाली ते लग्न होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००८ मध्ये असंच एक लग्न, नोंदणी झालेली असूनही, रद्दबातल धरलं. गुरुजींना हे माहीत असणार, म्हणून तर शुद्धीची पळवाट. पण मध्य प्रदेशात ही पळवाट थेट कलेक्टर कचेरीच्या दारात नेते. ‘धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१’ प्रमाणे धर्म बदलणाऱ्यानं ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे लेखी घोषणा द्यायची, आणि धर्मांतर करवणाऱ्या पुरोहितानंही वेगळी सूचना द्यायची. हा कायदा फक्त हिंदूनं दुसरीकडे जाण्यापुरता आहे अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. तसं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. सूट आहे ती आपल्या मूळ, पैतृक धर्मात परतणाऱ्याला. तुमचा इटालियन मित्र परतून येत नाहीये, नव्यानं येतोय. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये, स्वतःच्या मर्जीनं लग्न करणाऱ्या सज्ञान व्यक्तींवर या घोषणेच्या कलमाखाली कारवाई करू नका असं सरकारला बजावलं, पण तो अंतरिम आदेश आहे. त्याच्या भरवशावर परक्या देशातल्या माणसाला आणि म्हाताऱ्या गुरुजींना उभं करायचं धाडस मी तरी करणार नाही.

शिवाय मनातून तो कॅथलिकच राहणार असेल आणि केवळ दाखल्यासाठी ‘मी हिंदू धर्म स्वीकारला’ असं लिहून देणार असेल, तर ते खोटं प्रतिज्ञापत्र झालं. आज कुणी विचारणार नाही. पुढे कधी बिनसलं, किंवा वारसाचा वाद निघाला, की समोरचा वकील पहिलं बोट त्याच कागदावर ठेवतो. ज्या लग्नासाठी कुणालाही धर्म बदलायची गरज नाही अशी सोय या देशात १९५४ पासून आहे, तिथे हा उपद्व्याप कशाला?

मामांच्या मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर इंदूरच्या मराठी घरात तो विषय मिटत नाही. खरं आहे, तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी मार्च १९२८ मध्ये बडवाहला नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. त्याआधी तिची शुद्धी होऊन ती शर्मिष्ठादेवी झाली. पण तेव्हा ना १९५५ चा कायदा होता ना २०२१ चा. महाराजांना आधीच्या राण्याही होत्या, आणि त्या काळी ते चालत असे. दाखला द्यायचाच तर अख्खा द्यावा लागेल, हे मामांना हसत हसत सांगा.

मग सही कुठे? इंदूरला करायची तर विशेष विवाह कायदा, १९५४. त्यात धर्म आड येत नाही, परदेशी नागरिकत्वही आड येत नाही. अट अशी की दोघांपैकी एकाचं तरी नोटीस देण्याआधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवं. नोटीस दिली की ती कचेरीत लावतात, हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबायचं, आणि मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नव्यानं सुरुवात. म्हणजे तुमच्या दोघांपैकी एकाला दोन महिन्यांवर इंदूरला तळ ठोकायला हवा. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही, कितीही ओळखी असल्या तरी. कलेक्टर कचेरीशी, मोती तबेल्याच्या आसपास कुणीतरी तुम्हाला नक्की भेटेल, जो म्हणेल, ‘भाडेकरार दाखवू, ३० दिवस कागदावर होऊन जातील.’ तुमच्या पासपोर्टवर विमानतळाचा शिक्का आहे, त्यावर तारीख आहे. त्या तारखेपुढे भाडेकरार टिकत नाही.

वर्क फ्रॉम होम घेऊन तुम्ही एकट्या आधी येऊ शकत असाल तर हा मार्ग अगदी सरळ आहे, मित्र शेवटच्या आठवड्यात आला तरी चालेल. पण कंपनी दुसऱ्या देशातून एवढे दिवस काम करू देते का, आणि त्याचे कराचे परिणाम काय, हे आधी विचारा. मित्राला इटलीकडून लग्नाला अडथळा नसल्याचा दाखला, त्यांच्या भाषेत ‘नुल्ला ओस्ता’, आणावा लागेल.

म्युनिकच्या विवाह नोंदणी कार्यालयात करायचं म्हटलं तर तुमची बाजू अडते. जर्मनी परदेशी वधू-वराकडे विवाह-क्षमतेचा दाखला मागते. भारत असा दाखला देतच नाही, म्हणून तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून सूट घ्यावी लागते. त्यातून भारतीय कागदांवरचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) जर्मनी मानत नाही. तुमचा जन्मदाखला भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत तपासून घ्यायला सांगतात, म्हणजे कुणीतरी नेमलेला माणूस इंदूरला येऊन नगर निगमाचं रजिस्टर बघणार. यात महिने जातात. घाई नसेल तर जरूर करा, डिसेंबर गाठायचा असेल तर नको.

म्हणून जर्मनीतले भारतीय बरेचदा डेन्मार्कला जाऊन लग्न करतात, आणि तुमच्यासाठी मलाही तेच सोयीचं वाटतं. दोघांचा जर्मनीतला मुक्काम कायदेशीर आहे. डेन्मार्कच्या कौटुंबिक कायदा विभागाकडे ऑनलाइन अर्ज करायचा, त्यांनी कागद तपासून मंजुरी दिली की तिथल्या एखाद्या नगरपालिकेत जाऊन सही. धर्माचा प्रश्न नाही, ३० दिवसांच्या वास्तव्याची अट नाही. हे लग्न जर्मनीत चालतं. विवाह दाखल्यावर तिथेच अपोस्टिल घ्या, डेन्मार्कचं अपोस्टिल भारतात चालतं. नोव्हेंबरात हे उरकून डिसेंबरात इंदूरला या. ‘पळून जाऊन लग्न केलं’ असं आईला वाटू नये म्हणून तिला आधी सांगा. हवं तर ‘नोंदणी तिकडे, लग्न इकडे’ असं म्हणा. पाहुण्यांना तेवढं पुरतं.

भारतीय दूतावासात परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली लग्न होऊ शकतं, कारण तुम्ही भारतीय नागरिक आहात. पण तिथेही नोटीस आणि ३० दिवस आलेच, आणि त्या देशाच्या कायद्याला चालत असेल तरच अधिकारी ते लावतो. तुमच्या बाबतीत त्यात फायदा दिसत नाही.

यापुढची गोष्ट नीट वाचा, कारण माझ्याकडे येणारी निम्मी परदेशी लग्नाची भानगड इथेच सुरू होते. डेन्मार्कची सही झाली की तुम्ही विवाहित झालात, त्या दिवसापासून. डिसेंबरात तिलक नगरला अंतरपाट धरा, अक्षता टाका, आईला कन्यादान करू द्या. कायद्याच्या नजरेत तो कौटुंबिक सोहळा आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र मंगल कार्यालयाचा मॅनेजर किंवा कुणी उत्साही भाऊ पत्रिका, फोटो आणि गुरुजींचा कागद घेऊन नगर निगमात जाईल आणि डिसेंबरच्या तारखेचं दुसरं सर्टिफिकेट काढून आणेल. ते होऊ देऊ नका. एकाच जोडप्याची दोन देशांतली दोन लग्नं, दोन तारखा! मग पासपोर्टवर एक, जर्मन कर कार्यालयात दुसरी, आणि मूल झालं की जन्मनोंदणीच्या खिडकीवर तुम्ही समजावत बसणार. शिवाय डिसेंबरच्या अर्जात ‘अविवाहित’ लिहिलं असेल तर ते खोटं विधान. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव लावायचं असेल तर डेन्मार्कचा दाखला वापरा.

काकांच्या दोन्ही भीती निराधार. तुम्ही धर्म बदलत नाही, त्यामुळे बाबांची मुलगी म्हणून तुमचा वारसाहक्क हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे शाबूत राहतो. घर बाबांच्या स्वकष्टाचं असेल तर ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात, मग जावई कोणत्याही धर्माचा असो. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही, भावंडं आणि आई समान वाटेकरी. एकत्र कुटुंबाची मिळकत असेल आणि लग्न विशेष विवाह कायद्याखाली केलं, तर तुम्ही त्या कुटुंबातून विभक्त मानल्या जाता, पण हिस्सा जात नाही. त्या कायद्याखालच्या लग्नानं बदलतं ते एवढंच की तुमच्या स्वतःच्या मालमत्तेचे वारस पुढे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ठरतील. म्हणून लग्नानंतर इथल्या मिळकतीपुरतं तुमचं मृत्युपत्र करून ठेवा. आणखी एक, जे काकांना सुचलं नाही. लग्नानंतरचं तुमचं पहिलं बिऱ्हाड जर्मनीत असेल, तर वेगळा करार न केल्यास मालमत्तेचे नवरा-बायकोचे व्यवहार जर्मन कायद्यानं चालतील. वारशानं मिळालेलं घर त्यात वाटलं जात नाही, पण संसाराच्या काळात वाढलेली त्याची किंमत घटस्फोटाच्या हिशेबात धरली जाते. इंदूरच्या जागेचे भाव बघता हा आकडा लहान नसेल. तिथल्या नोटरीपुढे विवाह करार करता येतो, त्यासाठी जर्मन वकील गाठा, मी नव्हे.

नागरिकत्व लग्नानं जात नाही. ते जातं स्वतः होऊन दुसऱ्या देशाचं घेतलं की. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिल्यापासून ‘आता दोन्ही ठेवता येतात’ असं बरेच जण सांगत फिरतात. ती मुभा जर्मनीची, भारताची नाही. जर्मन नागरिकत्व मिळालं त्या दिवशी भारतीय संपलं. मग पासपोर्ट जमा करा आणि ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) अर्ज करा. तुमचा नवरा मात्र लग्नाची नोंदणी होऊन ते सलग दोन वर्षं टिकल्यावर, तुम्ही भारतीय नागरिक असताना, जोडीदार म्हणून ओसीआय मागू शकतो.

डिसेंबरात तो टुरिस्ट व्हिसावर आला तरी घरच्या विधीला अडचण नाही. तो हॉटेलात न उतरता तिलक नगरला राहणार असेल तर बाबांना २४ तासांच्या आत एफआरआरओच्या (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर पाहुण्याच्या मुक्कामाचा फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरावा लागेल. तो केवळ हॉटेलवाल्यांनाच नव्हे, परदेशी पाहुणा घरी उतरवणाऱ्यालाही लागू आहे. त्यासाठी त्याच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत बाबांना आधीच ईमेलनं पाठवून ठेवा. जावई दारात आल्यावर ओवाळायचं सोडून त्याच्याकडे पासपोर्ट मागत बसायला नको.