जुन्या अँटेनाचे पाइप एफएमसाठी चालतील का?

प्रश्न: आमचं गाव आर्वीच्या पुढं. दूरदर्शनचा जुना अँटेना माडीवर पडून आहे, त्याचा एफएम रेडिओसाठी अँटेना बनवाव म्हणतो. पण मित्र म्हणते तांब्याचाच लाव, अल्युमिनियमनं सिग्नल कमी येते. लोखंडी सळाख चालन का?

उत्तर: भाऊ, तांब्यात पैसे कायले घालवता! अल्युमिनियम तांब्याच्या साधारण 60 टक्के वीज वाहते, पण एवढ्या जाड पाइपात तो फरक रेडिओले कळतच नाही, आणि या फ्रिक्वेन्सीला करंट वरच्या थरातूनच जाते म्हणून पोकळ पाइपही भरीवासारखंच काम करते. सळाख नको, गंजते.

100 मेगाहर्ट्झच्या आसपास 71-71 सेंटिमीटरचे दोन तुकडे, मधात बोटभर जागा, धरायला पीव्हीसी. डिशवाली 75 ओमची केबल घ्या, मधली तार एका पाइपाले, जाळी दुसऱ्याले.

खरी गोम जोडात आहे. तांब्याची तार थेट अल्युमिनियमवर आवळली की पावसात पांढरी भुकटी धरते अन् खरखर सुरू, मी तर अख्खा पावसाळा रेडिओलेच शिव्या घातल्या! मधात स्टीलचा वायसर टाका, वरून एमसील. आणि आभाळ भरून आलं की केबल आधीच काढून ठेवा.