चित्र कुठे, संगीत कुठे?

प्रश्न : मी मारबत (इडा-पिडेचे प्रतीक असलेले मोठे पुतळे) मिरवणुकीवर मोबाइलवर वाचायची डिजिटल कथा लिहीत आहे. प्रत्येक पडद्यावर छायाचित्र आणि सलग पार्श्वसंगीत द्यावे का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : माझ्या मते देऊ नये. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी शब्दांत आल्यावर लगेच पिवळ्या मारबतीचे संपूर्ण छायाचित्र दाखवले, तर वाचकाच्या कल्पनेला कामच उरत नाही. त्याऐवजी बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवणारा, खळीने माखलेला हात तेवढा दाखवावा. संगीताबाबत तर अधिक सावध राहावे, कारण वाचनाचा वेग प्रत्येकाचा निराळा असतो आणि ठरावीक लांबीची धून कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत भलत्याच वाक्यावर संपते. म्हणून ढोल-ताशांचा आवाज पुढचा पडदा उघडण्याशी जोडावा आणि मिरवणूक गल्लीबाहेर पडली की तो एकदम न तोडता हळूहळू मंद करावा; त्यानंतरची शांतता मला फार मोलाची वाटते. शिवाय २०१८ पासून क्रोम ब्राउझर वाचकाने पडद्याला स्पर्श केल्याशिवाय सहसा आवाज सुरू होऊ देत नाही, त्यामुळे आपले पहिले पान केवळ शब्दांच्या बळावर उभे राहिले पाहिजे.