माहेरच्या दारात पाहुणी

‘‘मॅडम, तिकीट काढलं की त्या रात्रीपासून माझी झोप जाते,’’ असे त्या समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा पहिल्याच भेटीत म्हणाल्या. त्या मूळच्या जपानच्या तोहोकु भागातल्या एका लहान शहरातल्या. पुण्यातल्या मराठी घरात सून म्हणून येऊन त्यांना पंधरा-सोळा वर्षे झाली होती, आणि मराठी एवढे अंगवळणी पडले होते की मुलावर रागावतानाही त्या मराठीतच रागावत. आईला भेटायला निघताना पोटात गोळा का येतो, आपल्यातच काही बिघडले आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. परदेशी राहणाऱ्या पुष्कळ जणांकडून मी तो ऐकला आहे आणि बहुतेक जण तो आवाज खाली आणूनच विचारतात. त्यांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

आधीची फेरी मे २०२३ मधली होती. मुलाच्या सुट्टीमुळे एप्रिलअखेरीस निघावे लागले आणि नेमका जपानमधल्या ‘गोल्डन वीक’च्या सलग सुट्ट्यांचा तो काळ असल्याने विमानापासून हॉटेलपर्यंत सगळेच महाग आणि भरलेले होते. सोबत नवरा, मुलगा आणि नातेवाइकांना द्यायच्या भेटवस्तूंच्या दोन बॅगा होत्या. हापूसची एक पेटी न्यायचाही नवऱ्याचा हट्ट होता, पण तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजे फळ तिकडच्या विमानतळावरून आत जात नाही, हे सांगून त्यांनी तो मोडून काढला. सोळा दिवसांपैकी क्योतो, हिरोशिमा, मैत्रिणी आणि नातेवाईक यांच्यात बारा गेले आणि आईच्या वाट्याला चार आले.

त्या चार दिवसांतल्या दोनच गोष्टी त्यांनी मला सांगितल्या. जपानी घरात घरचे माणूस आत शिरताना ‘तादाइमा’ म्हणते, म्हणजे ‘मी आले’, आणि आतून ‘ओकाएरी’ असे उत्तर येते. पाहुणा मात्र ‘ओजामाशिमास’ म्हणतो, म्हणजे ‘तुम्हाला त्रास द्यायला येते आहे’. दारात उभे राहिल्यावर त्यांच्या तोंडून ‘ओजामाशिमास’ बाहेर पडले. आई हसली आणि तिने पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या सपाता त्यांच्या पुढ्यात नीट जोडून ठेवल्या.

दुसरी गोष्ट फ्रीजची. वडील गेल्यापासून आई एकटीच राहत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रीज उघडला तर आत मुदत उलटून गेलेल्या सॉसच्या बाटल्या, तळाशी चमचाभर उरलेल्या लोणच्यांच्या बरण्या आणि तोफूचे एकावर एक सहा डबे होते. आई बाहेर गेली असताना त्यांनी सगळे काढून टाकले, कप्पे धुतले, पुसले. परत आल्यावर आई काही बोलली नाही, रात्री मात्र भिंतीपलीकडून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. त्या लोणच्यांतली एक बरणी वडिलांनी घातलेल्या लोणच्याची होती.

वडील मे २०२० मध्ये गेले. भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २३ मार्चपासूनच बंद झालेली असल्यामुळे त्यांनी अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. हे सांगताना त्या मध्येच थांबल्या आणि एकदम नखांविषयी बोलू लागल्या. रात्री नखे कापली तर आईवडिलांच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नसतो, असे त्यांची आजी म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी ‘‘रात्री नखं कापू नयेत गं’’ म्हटले तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटली होती. २०२० नंतर ती गंमत उरली नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनी आगामी फेरीची वही आणली. तिच्यात एकेचाळीस कामे होती : दातांचा डॉक्टर, बँक, वाहन परवान्याचे नूतनीकरण, मुलासाठी पुस्तके, कोणाला काय द्यायचे याची यादी, नवऱ्याचा व्हिसा. अशी वही पाहिली की मी सावध होते. जिथे भीती असते तिथे यादी लांबते, असा माझा अनुभव आहे. यादीत गुंतले की आईसमोर नुसते बसण्याची वेळ येत नाही.

त्या वहीतल्या काही नोंदी मात्र मी त्यांना पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितल्या. देश सोडताना रहिवासी नोंद काढून टाकलेली असल्याने तिथला सरकारी आरोग्य विमा लागू नाही, म्हणून प्रवासविमा घ्यायचा. करमुक्त खरेदी करायची तर परदेशात दोन वर्षांहून अधिक काळ राहत असल्याचा दाखला हवा आणि पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का हवा. विमानतळावरच्या स्वयंचलित फाटकातून गेले तर तो मिळत नाही, म्हणून अधिकाऱ्याकडून मागून घ्यायचा. परदेशी पर्यटकांसाठीचा रेल्वे पास जपानी नागरिकाला हवा असेल तर दहा वर्षे परदेशात राहिल्याचा वकिलातीचा कागद लागतो. शिवाय सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला, तेव्हा एकाच गावी जाऊन राहायचे असेल तर तो परवडत नाही. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे सरकारनेसुद्धा मला पाहुणीच ठरवलंय.’’

मला हेच त्यांच्या तोंडून यायला हवे होते. आपण परके झालो ही भावना म्हणजे आपल्या मनाची कृतघ्नता, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात विमा, दुकान आणि रेल्वे यांच्या लेखी त्या खरोखरच बाहेरून आलेल्या होत्या. आईनेही त्यांची वाटी आणि चॉपस्टिक्स आत ठेवून दिल्या असतील तर त्यात मायेची कमतरता शोधण्याचे कारण नव्हते. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने मायदेशी परतणाऱ्यांच्या मनःस्थितीचा आलेख मांडला. परदेशात जाताना उत्साह, घसरण आणि सावरणे असा जो क्रम असतो तोच परतल्यावर पुन्हा घडतो, असे त्यांचे म्हणणे होते. तो आलेख कायमचे परतणाऱ्यांचा आहे. दोन-तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्याला मात्र तो सगळा चढउतार तेवढ्याच दिवसांत भोगावा लागतो आणि बहुधा घसरणीच्या टप्प्यावरच परतीचे विमान येते, असे मी पाहत आले आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी भांडण झाले म्हणून नाते तुटले असे मानू नये, हे मी त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवले.

त्यानंतर आम्ही वही कापायला घेतली. ऑगस्टच्या मध्यात ओबोन असतो. पूर्वजांचे आत्मे त्या दिवसांत घरी येतात अशी श्रद्धा आहे, आणि त्यांच्याकडे तो १३ ते १६ तारखेला पाळतात. त्या काळात तिकिटे महाग असतात, गाड्या भरलेल्या असतात आणि पुण्यात मुलाची शाळा चालू असते. तरीही वडिलांचा ओबोन आईबरोबर करायचा ही त्यांची इच्छा एकेचाळीस कामांत कुठेच लिहिलेली नव्हती. नवऱ्याला आणि मुलाला मागे ठेवून जायचे कसे, यावर आमच्या दोन भेटी खर्च झाल्या. शेवटी गाठ माझ्याकडून सुटली नाही, सासूबाईंनी सोडवली. ‘‘माहेरपणाला कुणी नवरा घेऊन जातं का?’’ एवढेच त्या म्हणाल्या.

बारा दिवसांची फेरी ठरली. पहिले तीन दिवस कोणालाही भेटायचे नाही, सरकारी कचेरीचे एकच काम करायचे आणि आईच्या घरात काहीही आवरायचे नाही, असे तीन नियम आम्ही घातले. कचेरीचे काम म्हणजे वृद्धांसाठी प्रत्येक नगरपालिकेच्या हद्दीत असणाऱ्या आधार केंद्रात आईला घेऊन जाणे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची चौकशी, घरी येणारी मदत आणि शुश्रूषा विमा यांची वाट या केंद्रातून जाते, पण दूरदेशी असलेल्या मुलांना त्याची आठवण आई पडल्यावरच होते. पुढच्या फेरीत एवढे एकच काम करा, असे मी आता सर्वांना सांगते. दातांचे पुण्यातही होते.

ऑगस्टच्या अखेरीस त्या परत भेटल्या. सगळे सुरळीत झाले नव्हते. दारात आईने पुन्हा त्याच सपाता पुढे केल्या. या वेळी ‘तादाइमा’ मात्र त्यांनी ठरवून, जरा मोठ्यानेच म्हटले आणि आपली जुनी भाताची वाटी मागून घेतली. आईने ती कपाटाच्या मागच्या रांगेतून काढली. काठावर टवका उडालेला होता. तेराव्या तारखेला दोघींनी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय केली. आत्मे घोड्यावरून लवकर यावेत आणि गायीवरून सावकाश परत जावेत, म्हणून त्यांना काड्यांचे पाय लावतात. घोडा करताना आईने एकच प्रश्न तीनदा विचारला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात यायचे ते लक्षात आले. पुढच्या सोमवारी त्या आईला घेऊन केंद्रात गेल्या. आता महिन्यातून दोनदा कोणीतरी घरी येऊन आईची विचारपूस करून जाते. फोन पुण्यात येतो.

निघताना आई ‘सायोनारा’ म्हणाली नाही, ‘इत्तेराश्शाई’ म्हणाली. तो शब्द परत यायचे असलेल्यालाच म्हणतात, आपल्याकडे ‘जाऊन ये’ म्हणतात तसा. त्यांनी उत्तर मराठीत दिले, ‘‘येते.’’ आईला काही कळले नाही.

मी त्यांना फ्रीजविषयी विचारले.

‘‘उघडला होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘परत लावून टाकला.’’