नेसली, घातली आणि मधला बाजू

फोंड्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मुलीच्या कॉलेजात पारंपरिक वेशभूषेचा कार्यक्रम आहे आणि मराठी सूत्रसंचालन ताईंच्या गळ्यात पडलं आहे. मुली तीन तऱ्हांनी नटून येणार: शिवलेली नऊवारी, चेन लावली की झाली अशी तयार साडी, आणि गोव्यातला जुना पोशाख पानो भाजू. ताई विचारतात, या मुलींनी हे पोशाख 'नेसले' म्हणू की 'घातले'? पानो भाजूला 'इंडो-वेस्टर्न' म्हटलं तर चालेल का? आणि 'फ्युजन'ला मराठी शब्द कोणता?

पहिल्याचं उत्तर एका दमात देतो, कारण हे 'साडी घातली' ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. टीव्हीवरची निवेदिका साडी घालते, लग्नात नवरदेव धोतर घालतो, सत्काराला आलेले पाहुणे शाल घालून घेतात. अहो, साडी आणि धोतर नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, दागिने लेतात आणि जे शिवलेलं असतं, ज्यात हातपाय घालावे लागतात, ते घालतात. घालायला आधी भोक लागतं. साडीला ते नाही. इतकी नेटकी सोय घरात असताना सगळ्यांना एकच 'घालणे' पुरवायचं म्हणजे ताट, वाटी, पेला सोडून सगळं जेवण बादलीत वाढण्यासारखं आहे.

'नेसणे' हे 'नि' अधिक 'वस्' यांतून आलं. हा 'वस्' पांघरण्या-नेसण्याचा, 'वस्ते'मधला. राहण्याचा 'वसति'मधला वस् वेगळा. 'अंगावर वसते ते वस्त्र' ही व्युत्पत्ती मी एका व्याख्यानात ऐकली आणि पुढचं व्याख्यान बाहेर चहा पीत काढलं. दोन धातू दिसायला जुळे, पण त्यांची घरं निराळी.

इथपर्यंत ठीक. पण ताई, तुमच्या प्रश्नातल्या एका अक्षराने माझी झोप उडवली. 'भाजू'. भाजू म्हणजे काय? "वांगी भाजू का?" यातलं भाजू? हा शब्द 'बाजू' आहे. ब, बाजूचा. पोर्तुगीजात तो ह-विना लिहितात, आणि जुनी माणसंही ब-च म्हणतात. हा ह इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्या कुणाच्या तरी हातून घुसला असावा आणि मग देवनागरीवाल्यांनी तो मुकाट्याने उतरवून घेतला, असा माझा समज आहे. आता तो निमंत्रणपत्रिकांवर, फलकांवर, सगळीकडे भाजून निघतो आहे.

ज्यांनी हा पोशाख पाहिला नसेल त्यांच्यासाठी: खाली लुंगीसारखं गुंडाळलेलं वस्त्र, तो पानो. वर जरीच्या भरतकामाचा, लांब बाह्यांचा सैल झगा, तो बाजू. खांद्यावरून एक तुवालो, म्हणजे शाल, हातात पंखा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरंदाज बायका अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हा पोशाख करत. आज तो मुख्यतः मांडो हा गोव्याचा नाच नाचतानाच दिसतो. शेजारी पुरुष सूटबूट करून उभे असतात, म्हणूनच बहुधा बायकांच्या पोशाखालाही लोक 'वेस्टर्न' समजतात. थांबा, त्याच्याकडे येतोच.

आधी पानो. यावर आपल्याकडे दोन मतं फिरतात आणि दोन्ही फेकून देण्याच्या लायकीची आहेत. एक: काठावर पानांची नक्षी असते म्हणून पानो. नक्षीवरून नाव पडायचं तर निम्म्या साड्यांना 'कोयरी' म्हणावं लागेल. दुसरं मत जरा शिकलेल्या लोकांचं आहे: हा कापडाचा 'पन्हा'. पन्हा हा शब्द फारसी, अर्थ रुंदी. पण पन्हा मोजतात हो! तो अंगाला गुंडाळलेली बाई मी अजून पाहिली नाही. पानो हा सरळ पोर्तुगीज शब्द आहे, अर्थ 'कापड', लॅटिन 'पानुस'पासून आलेला. संपलं.

पण इथे माझा एक तर्क आहे आणि तो सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. कोकणीत साडीला काय म्हणतात? कापड. कुणबी बायकांची ती लाल-पांढऱ्या चौकड्यांची, खांद्यावर गाठ मारलेली, पोटऱ्या मोकळ्या ठेवणारी साडी, तीही कापडच. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) यांनी ती पुन्हा चर्चेत आणली तेव्हा शहरातले लोक 'कुणबी साडी' म्हणू लागले. शेतातल्या बाईला ती साडी आहे हे बातमीतून कळलं असेल. तर माझं म्हणणं असं की 'पानो' हा 'कापड'चा भाषांतरित अवतार आहे. बाई कापड नेसायची, पाद्रीसमोर आणि फिरंगी पाहुण्यांसमोर तेच सांगताना पानो म्हणायची. वस्त्र तेच, नाव बाप्तिस्मा घेतलेलं. यावर कुणीतरी हमखास सांगणार की पोर्तुगीज अमलातल्या अंगोलातही बायकांच्या गुंडाळवस्त्राला 'पानो'च म्हणतात, तिथे कुठे कोकणी होती? म्हणोत. तिथल्या बायकांच्या भाषेतही तसाच एखादा शब्द असेल. मी माझा तर्क सोडत नाही.

आता बाजू. याच्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसलो.

यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा शब्द मलायी लोकांचं जाकीट म्हणून नोंदवला आहे. आजही मलेशियात, इंडोनेशियात कुठल्याही दुकानात जा, 'बाजू' म्हणजे अंगातला कपडा. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी, 1511 मध्ये, मलायातलं मलाक्का. ते बंदर 1641 मध्ये डचांनी हिसकावून घेईपर्यंत, म्हणजे तब्बल 130 वर्षं, गोवा आणि मलाक्का एकाच कारभाराखाली होते. जहाजं येत-जात, मिरी-लवंग येत-जात, आणि माणसांबरोबर त्यांचे कपडेही. तिथला बाजू इथे मांडवीत उतरला.

पण मलायी भाषेत तो आला कुठून? फारसीतून. तिकडच्या बंदरांत फारसी बोलणारे व्यापारी आधीपासून होते. मलायीत बाजाराला 'पासार' म्हणतात तो आपलाच बाजार, आणि बंदराच्या अधिकाऱ्याला 'शाहबंदर' म्हणत, तोही ओळखीचा. त्याच गलबतातून 'बाज़ू' गेला. फारसीत बाज़ू म्हणजे दंड, भुजा. दंडावरून बाही आणि बाहीवरून बाहीचा झगा. अवयवाचं नाव कपड्याला लागणं यात नवल नाही, पायजम्यात फारसी पाय बसलेला आहेच.

आणि हाच बाज़ू आपल्या मराठीतही बसला आहे! उजवी बाजू, डावी बाजू, वादीची बाजू, नाण्याची दुसरी बाजू. दंडाचा अर्थ आपल्याकडे सरकून 'कड' झाला. मूळ अर्थ कुठे टिकला? बाजूबंदात. बाजूबंद कुणी कुशीला बांधत नाही, दंडातच घालतात. म्हणजे मांडो नाचणारी ती मुलगी अंगात जे घालून उभी आहे, तेच तिच्या आजीच्या दंडात सोन्याचं आहे आणि तिच्या वकील वडिलांच्या तोंडात दिवसभर आहे. एक शब्द इराणातून निघाला, एक फाटा जमिनीवरून दख्खनेत आला, दुसरा समुद्राने मलाक्क्याला जाऊन पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्यात. दोघे चारशे-पाचशे वर्षांनी कॉलेजच्या एका मंचावर भेटतात आणि आपण एकाला 'भाजू' म्हणून ओळखच दाखवत नाही.

इतकंच नाही. फारसी बाज़ू आणि संस्कृत बाहू ही सख्खी भावंडं. इराणी शाखेत जिथे 'ज़' ऐकू येतो तिथे संस्कृतात 'ह' असतो. आपलं हिम, त्यांचा ज़मिस्तान म्हणजे हिवाळा. आपलं 'अहम्', इराणच्या जुन्या धर्मग्रंथातलं, अवेस्तेतलं, 'अज़ेम'. तसा आपला बाहू, त्यांचा बाज़ू. आणि बाहूवरून आपली शिवणकामातली 'बाही'. म्हणजे टेलर जेव्हा म्हणतो, "बाजूची बाही तोकडी झाली," तेव्हा तो बिचारा नकळत एकच शब्द दोनदा बोलत असतो.

मडगावच्या एका अभ्यासकांशी माझा यावरून खटका उडाला होता. त्यांचं म्हणणं, अंगाच्या दोन्ही बाजूंना बाह्या लोंबतात म्हणून मराठी 'बाजू'वरूनच हे नाव पडलं. त्यांना मी म्हटलं, तुम्ही बरोबर घरी पोचलात, पण शेजाऱ्याच्या खिडकीतून. मूळ एक आहे म्हणून वाट कुठलीही धरून चालत नाही. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुसरे असतात भाषाशुद्धीवाले. फारसी शब्द हाकला, म्हणे. आता 'बाजू' हाकलला तर त्याच्या पाठीमागे बाहू दारात उभा! गंमत बघा, माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, 1925 मध्ये फारसी-मराठी कोश रचला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. ही बाजूही फारसीच होती.

आता 'इंडो-वेस्टर्न'. ताई, हे तुम्ही मंचावर म्हणू नका. गुंडाळायचं वस्त्र इथलं, झगा मलाक्क्याचा, त्याचं नाव इराणचं. पोर्तुगालचं त्यात काय? 'पानो' हे चार अक्षरी नावसुद्धा नव्हे, दोन अक्षरी. बरोबरीचा तुवालो तेवढा पोर्तुगीज 'तोआल्या'वरून. एवढ्यासाठी अख्ख्या पोशाखाला पश्चिमेच्या खात्यात टाकायचं? यातला परदेश पूर्वेकडे आहे. ज्या कपड्यांना खरंच फिरंगी शब्द चिकटले त्यांच्याकडे आपलं लक्षही नसतं. शर्टाचं 'काज' हे पोर्तुगीज 'काझा', म्हणजे घर, बटणाचं घर. वेणीला बांधायची 'फीत' ही 'फिता'. पण फीत लावलेल्या मुलीला कुणी इंडो-वेस्टर्न म्हणत नाही.

आणि हा बाजू इथल्या ख्रिस्ती घरांत का रुजला याबद्दलही माझं एक म्हणणं आहे. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावर, जे काम केलं, त्यात 1736 चं फर्मान आहे: देशी ख्रिस्ती पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. चोळी गेली, पण अंग तर झाकायला हवं. मग बाह्यांचा, सैल, चोळीसारखा जराही न दिसणारा बाजू हाताशी होता. खाली मात्र नेसणं चालूच. हा तर्क आहे, पुरावा म्हणून मांडत नाही. पण फर्मान काढणाऱ्याला चोळी दिसली आणि निऱ्या दिसल्या नाहीत, याची मला फार मौज वाटते.

अरे हो, तुमचा प्रश्न. क्रियापद.

शिवलेली नऊवारी: ती पायजम्यासारखी दोन पाय घालून वर ओढायची असते, कासोटा शिंप्याने आधीच मारून ठेवलेला असतो. ती घालतात. तिला 'नेसली' म्हणणं म्हणजे विकतच्या पुरणपोळीला 'मी लाटली' म्हणणं. चेनवाली साडी: निऱ्या शिवलेल्या, पण पदर अजून स्वतःलाच घ्यावा लागतो. तिला 'चढवली' म्हणा. आणि पानो बाजूला दोन्ही क्रियापदं लागतात, कारण पानो नेसायचा आणि बाजू घालायचा. तुम्ही ज्याला फ्युजन म्हणता ते या दोन क्रियापदांच्या मधोमध आहे, बघा. त्याला मराठी शब्द हवा असेल तर 'सरमिसळ' घ्या. 'संमिश्र वेश' नको, ते खताच्या पोत्यावर शोभतं.

एक मात्र कबूल करतो. माझ्या शेजारी राहणाऱ्या, कोकणी बोलणाऱ्या आजी जीन्सही 'न्हेसतात' म्हणतात, आणि मी त्यांना एकदा मराठीतला भेद समजावायला गेलो. त्या म्हणाल्या, मग वेस्तीद? वेस्तीद म्हणजे फ्रॉक, पोर्तुगीज 'वेश्तिदु'. घरी येऊन बघितलं तर त्यातलं लॅटिन 'वेस्तिस' हे आपल्या त्याच 'वस्' धातूचं भावंड निघालं, ज्याच्यावरून 'नेसणे' झालं. म्हणजे शिवलेल्या फ्रॉकच्या नावातच नेसणं होतं. मी त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

तर ताई, तुमच्या कागदावर असं लिहा: "पानो नेसून आणि बाजू घालून मंचावर येत आहेत…" पुढे मुलींची नावं. कार्यक्रमाला मी येणार आहे. 'भाजू' ऐकू आलं तर पहिल्या रांगेतून उठून उभा राहीन.